मोट आणि मोटर

नात सहावीत आहे. तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. दिवाळीच्या सुट्टीत वस्तीवर आली ती दप्तर घेऊनच आली. बाईंनी वर्गातल्या एकेका पोराला एकेक इंग्रजी नाम वाटून दिलं होतं. त्याचा अर्थ लिहायचा, शब्द कुठून आला ते लिहायचं आणि त्याची पाच वाक्यं करून आणायची. कुणाला ‘टेबल’ आलं, कुणाला ‘पेपर’ आला. हिच्या वाट्याला ‘मोटर’ आली.

“आबा, मोटर म्हंजे काय वो? अर्थ सांगा की.”

मला हसू आलं. मी १९७६ साली दहावी झालो. इंग्रजीत पस्तीसच्या वर दोन मार्क. तरी या एका इंग्रजी शब्दावर मी बोलू शकतो. माझं अर्धं आयुष्य मोटरीच्या आवाजावर कान ठेवून गेलं आहे. झोपेतसुद्धा मला कळतं, मोटर पाणी ओढते आहे की नुसती हवा.

मी म्हटलं, “सोपं हाय. आपली मोट होती ना, विहिरीवरची? ती विजेवर चालाय लागली म्हणून तिची मोटर झाली. लिही.”

नातीनं लिहायला पेन उचललं आणि परत ठेवलं. “आबा, पण ह्यो शब्द इंग्रजी हाय. इंग्रजांच्या विहिरीवर मोट हुती का?”

आता याला काय उत्तर द्यायचं? पन्नास वर्षं मी असंच धरून चाललो होतो. मीच नव्हे, आमची आख्खी आळी. आण्णा, म्हणजे माझे वडील, तेही असंच म्हणायचे. मोटेचं काम करती ती मोटर, यात विचारायचं काय? पण पोरीनं मोडता घातला आणि मला स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी तिला गाडीवर मागं बसवून मी आमच्या हायस्कुलातल्या जुन्या इंग्रजीच्या सरांकडं गेलो. सर आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्याकडं वीट उशाला घ्यावी तसला जाड शब्दकोश आहे. त्यांनी चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि पान काढलं.

सरांनी सांगितलं ते असं. मोटर हा शब्द लॅटिन भाषेतला. लॅटिनमध्ये ‘मोव्हेरे’ म्हणजे हलवणं, जागचं सरकवणं. त्याच्यापासून ‘मोटर’, म्हणजे हलवणारा. इंग्रजीत हा शब्द काही शतकांपासून आहे आणि तेव्हा त्याचा यंत्राशी काही संबंध नव्हता. जो दुसऱ्याला हलवतो, चालना देतो तो मोटर, मग तो माणूस असो नाहीतर एखादी शक्ती. यंत्राला मोटर म्हणायला लागले ते एकोणिसाव्या शतकात, कारण यंत्र बाकीच्या गोष्टी हलवायला लागलं.

“आणि मोट?” मी विचारलं.

“मोट आपली. तिचा ह्याच्याशी काही संबंध नाही. नुसता आवाज सारखा आहे,” सर म्हणाले. “दोन गावची दोन माणसं तोंडावळ्यानं सारखी दिसावीत, तसं.”

मला जरा वाईटच वाटलं. एखाद्याला सख्खा चुलता समजून आयुष्यभर पाया पडावं आणि साठीनंतर कळावं की हा आपल्या भावकीतला नव्हेच, तसं झालं.

सरांनी त्या ‘मोव्हेरे’चं बाकीचं खानदानही सांगितलं. मोशन, म्हणजे गती, त्यातलीच. प्रमोशन, म्हणजे पुढं सरकवणं, त्यातलंच. टीव्हीचा रिमोट त्यातलाच, रिमोट म्हणजे दूर सारलेला. हातातला मोबाईल त्यातलाच, मोबाईल म्हणजे हलता. आणि इमोशन, म्हणजे आतनं हलणं, माणसाच्या मनात कालवाकालव होते ती, तीसुद्धा त्यातलीच. नातीनं सगळं भराभरा वहीत उतरवलं. मी मात्र त्या शेवटच्या शब्दापाशी अडकून बसलो.

घरी येताना पोरगी म्हणाली, “आबा, आता वाक्यं सांगा.”

वाक्यं सांगायची तर आधी मोटेपासनं सांगावं लागतं.

आमची विहीर पांडात आहे. ओढ्याच्या अंगाला, पन्नास हात खोल, काळ्या दगडात बांधलेली. काठावर दोन दगडी खांब, त्यावर आडवं लाकूड, त्यात चाक. चाकावरनं नाडा खाली सोडलेला, त्याच्या टोकाला कातड्याची मोट. तोंडाला लोखंडी कडं आणि बुडाला हत्तीच्या सोंडेसारखी सोंड. त्या सोंडेला बारीक दोर, त्याला सोल म्हणतात. बैल धावेनं खाली उतरायला लागले की भरलेली मोट वर यायची, सोलानं सोंड थारोळ्याकडं ओढली जायची आणि भसाभसा पाणी ओतायचं. एका मोटेत दहा-बारा घागरी पाणी. मग बैल मागच्या पावली धावेवर चढायचे आणि मोट पुन्हा खाली जायची. मागच्या पावली चढणारा बैल आताच्या पोरांनी बघितलेला नाही. त्याला शिकवावं लागायचं.

आण्णा मोट धरायचे. बैल खाली निघाले की नाड्यावर बसून यायचे, आपलं वजन बैलांच्या मदतीला द्यायचे आणि वर गाणं म्हणायचे. गाणं हौसेचं नव्हतं. गाण्याच्या ठेक्यावर बैल पाऊल टाकायचे. गाणं थांबलं की बैल थांबायचे. तिकडं रानात आई दारं धरायची. एका वाफ्याचं दारं मोडायचं, दुसऱ्याचं बांधायचं. आईचं पाणी फुटलं की ती ओरडायची, मग आण्णा बैल थांबवायचे. पुढं मी हाताखाली आलो, मग माझा धाकटा भाऊ आला. मी मोटेवर असलो की तो दाऱ्यावर, तो मोटेवर असला की मी दाऱ्यावर. उजाडल्यापासनं बारा वाजेपर्यंत आणि उन्हं कलल्यावर दिवस मावळेपर्यंत. एवढं करून दहा-बारा गुंठे रान भिजायचं.

एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली नव्हती. बैल दमले की मोट सुटायची आणि मोट सुटली की विहीर भरायची. रात्रभर झरे पाझरायचे, सकाळी पाणी परत होतं तिथं. विहिरीचं राखण बैलांच्या दमण्यावर होतं.

१९७८ साली आमच्या पांडात विजेचे खांब आले. मी अठरा वर्षांचा, दहावी झालेला, घरात शिकलेला म्हणजे मीच. मीच आण्णांच्या मागं लागलो. कर्ज काढू, मोटर बसवू. आण्णा तयार नव्हते. दुकानदारानं सांगितलं, पाच हॉर्सपॉवरची घ्या. आण्णा म्हणाले, “घोडी न्हाईत माझ्याकडं. बैलांचं गणित सांगा.”

हा हॉर्सपॉवर शब्द जेम्स वॅटनं चालवला. वाफेचं इंजिन विकायचं तर गिऱ्हाइकाला कळेल असं माप पाहिजे आणि गिऱ्हाइकाकडं घोडे होते. तेहेतीस हजार पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलायचं, एवढी ताकद म्हणजे एक हॉर्सपॉवर. विजेच्या हिशेबात ७४६ वॅट. वॅट आमच्या भागात जन्मला असता तर मोटरीवर पाच बैल लिहून आलं असतं आणि आण्णांनी पहिल्याच दिवशी पैसे दिले असते.

शेवटी आईनं निकाल लावला. ती म्हणाली, “माझ्या पायाच्या भेगांत चिखल भरून भरून हाडं दिसाय लागली. आणा काय आणायचं ते.” दोन जोड्यांतली एक जोडी पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या जत्रेत विकली. आण्णा दावं सोडून देताना काही बोलले नाहीत. घरी येऊन जेवले नाहीत.

मोटर बसली. पाईप बसले, फूटव्हॉल्व्ह बसला, स्टार्टर बसला. पंपात दोन घागरी पाणी ओतून हवा काढली आणि वायरमननं मला म्हटलं, “दाब हिरवं बटन.” मी बोट ठेवलं. मोटर घरघरली आणि अडीच इंची पाईपातनं पाणी थारोळ्यात पडलं. आख्खी आळी बघायला जमली होती. आण्णा थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “आता मी काय करू?”

ते चेष्टेनं म्हणाले असं तेव्हा वाटलं.

मागं ठेवलेल्या जोडीतला हिऱ्या म्हणून एक बैल होता. त्याला चरायला सोडला की तो फिरत फिरत धावेवर जायचा आणि उभा राहायचा. काही महिने तसं चाललं. मग धावेवर आम्ही कडबा रचला.

मोटर म्हणजे आत काय असतं, हे मला पुढं रिवाइंडिंगच्या दुकानात बसून बसून कळलं. लंडनमध्ये मायकेल फॅरेडे म्हणून शास्त्रज्ञ होता. त्यानं १८२१ साली पाऱ्याच्या भांड्यात तार सोडून ती लोहचुंबकाभोवती विजेनं फिरवून दाखवली. तिथनं हे सुरू झालं. आपल्या शेतावर असते तसल्या मोटरीचं पेटंट निकोला टेस्लानं १८८८ साली घेतलं. तिच्या फिरत्या भागाला वायर जोडलेली नसते. बाहेरच्या कॉइलमधनं विजेच्या तीन फेज एकामागनं एक येतात आणि चुंबकाची ताकद गोल फिरत राहते. तिच्या मागनं आतला भाग फिरतो. मी ते असं समजून घेतलं आहे, की तीन गडी गोल उभे राहून चक्र ढकलतात, एकाचा हात निघाला की दुसऱ्याचा लागतो. त्यातला एक गडी निघून गेला, म्हणजे एक फेज गेली, तर उभी मोटर फिरत नाही, नुसती हूं हूं करते. चालू असली तर बाकीच्या दोघांवर ताण पडतो. वेळेवर बंद केली नाही तर तापते आणि वाइंडिंग जळतं. जळलेल्या वाइंडिंगचा वास एकदा नाकात बसला की जात नाही.

मोटर आल्यावर घरात पैसा आला, हे खोटं कशाला सांगू? ऊस झाला, गहू झाला, माझं लग्न झालं, बहिणीचं झालं. आईच्या पायाच्या भेगा भरल्या. पण मोटर दमत नव्हती. बैलांनी दिवसभरात उपसावं तेवढं पाणी ती तासा-दीड तासात बाहेर फेकायची. विहीर तळाला जायची. मग आम्ही विहीर खोल केली. शेजाऱ्यानंही केली. मग आडवी बोअरं मारली. पन्नास हातांची विहीर सत्तर हात झाली आणि पाणी होतं तेवढंच राहिलं, फक्त खाली गेलं. सरांनी सांगितलेला अर्थ इथं मला पटतो. मोटर म्हणजे हलवणारी. तिनं पाणी जागचं हलवलं, बैल हलवले, आण्णांना विहिरीवरनं उठवून ओट्यावर आणून बसवलं.

१९९६ साली आण्णा गेले. दोन वर्षांनी आम्ही भाऊ वाटणीला बसलो. जमीन निम्मी निम्मी झाली, भांडी झाली. विहीर मात्र वाटता येत नाही. विहीर सामाईक, मोटर सामाईक, चार दिवस माझी पाळी, चार दिवस धाकट्याची. पाळी संपली की दुसऱ्याच्या घरी निरोप जायचा. बायकांचं एकमेकींकडं येणं-जाणं होतं, पोरं एकत्र खेळायची. बरं चाललं होतं.

२००३ साली दुष्काळ पडला. विहिरीत जेमतेम अर्ध्या तासाचं पाणी. धाकट्याच्या पाळीत मोटर जळाली. तो म्हणाला, “तुझ्याच पाळीत खराब झाली हुती, तू बोलला न्हाईस.” मी म्हणालो, “तू दोन फेजवर चालीवलीस.” वाइंडिंगचं बिल दोन हजार आठशे झालं. निम्मे चौदाशे. मी म्हणालो, माझा संबंध नाही. तो म्हणाला, सामाईक आहे. चौकात चार माणसांसमोर त्यानं माझ्या शिक्षणावरनं काहीतरी काढलं, मी त्याच्या बायकोच्या माहेरावरनं काढलं. त्या दिवसापासनं बोलणं बंद झालं. चौदाशे रुपयांवर नऊ वर्षं.

त्या नऊ वर्षांत मोटर मात्र चालूच होती, कारण पोटाला दोघांनाही लागत होतं. बोलायचं नाही तर पाळी संपल्याचं कळायचं कसं? आम्ही तोड काढली. कुणी सुचवली नाही, आपोआप पडली. पाळी संपली की स्टार्टरच्या पेटीला एक चिंधी बांधायची. दुसऱ्यानं येऊन ती सोडायची. लुगड्याची हिरवी चिंधी होती, आईच्या. आई तेव्हा हयात होती. तिला चिंधीचा अर्थ कळत होता. ती नुसती म्हणायची, “माझं लुगडं फाटलं ते बरं झालं, तुमच्या कामाला आलं.”

मोटेवर आम्हा भावांची भांडणं झाली नव्हती असं नाही. कितीदा झाली. पण मोटेवरचं भांडण दिवस मावळेपर्यंत टिकायचं नाही. मोट एकट्याला हाकता येते, पण त्याच वेळी दारं एकट्याला धरता येत नाही. मी रुसून बसलो तर त्याचं पाणी वाया, तो रुसला तर माझे बैल उभे. मोटेला दोन माणसं लागायची. मोटरीला एक बोट पुरतं.

मराठीत मोट शब्दाचा दुसरा अर्थ गाठोडं. चार जागची चार माणसं एकत्र केली की आपण म्हणतो, मोट बांधली. पुढारी निवडणुकीला बांधतात ती. आमच्या घराची मोट आण्णांच्या मोटेनं बांधून ठेवली होती, हे ती सुटल्यावर कळलं.

आता खरं सांगायचं ते.

२०१२ च्या जानेवारीतली गोष्ट. गव्हाला पाणी चालू होतं. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, साडेबाराला यायची. धाकट्याची पाळी होती. त्याच्या आधी आठ दिवस, माझ्या पाळीत, मला एक गोष्ट दिसली होती. स्टार्टरच्या लोखंडी पेटीची अर्थिंगची वायर तुटून लोंबत होती. कुणाचं तरी कुदळीचं पातं लागलं असावं. अर्थिंग तुटलं की पेटीला फेज चिकटली तरी वीज जमिनीत जात नाही, पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगातनं जाते. हे मला पक्कं माहीत होतं. रिवाइंडिंगच्या दुकानात बसून हेच तर शिकलो होतो. मी ती वायर बघितली आणि मनात म्हटलं, सामाईक आहे ना, बघू दे की त्यालाही. मी हातात कोरडी काठी धरून बटन दाबलं, चार दिवस तसंच काढलं आणि पाळी संपल्यावर चिंधी बांधली. चिंधी बांधायला तेवढा हात पुढं झाला. सांगायला तोंड उघडलं नाही.

त्या रात्री मी वस्तीवर जागा होतो. लाईट आली, बाहेरचा बल्ब लागला. लाईट आल्यावर पाच मिनिटांत मोटरीचा आवाज यायला पाहिजे. धाकटा कधी उशीर करत नाही, लहानपणापासनं तो वेळेचा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आवाज नाही. मी उठून बसलो. बायको म्हणाली, “आपल्याला काय करायचंय?” मी पायात चप्पल घातली आणि पळत सुटलो. का पळतोय ते मला ठाऊक होतं.

बॅटरी चिखलात पडलेली, उजेड ओढ्याकडं. धाकटा पेटीपाशी गुडघ्यावर, अनवाणी, उजवा हात पेटीला चिकटलेला. तोंडातनं आवाज नाही. मी झोपडीतलं खोरं ओढलं आणि लाकडी दांड्यानं त्याचा हात जोरात झटकला. तो मागं पडला. मग लाकडी फळीवरचे फ्यूज ओढले. छातीवर कान ठेवला तर धडधड चालू होती. तो पाण्यात पडलेल्या कोंबडीसारखा थरथरत होता. शेजाऱ्याच्या जीपनं त्याला तालुक्याला नेलं. जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नऊ वर्षांनी मी त्याच्या अंगाला हात लावला.

जीव वाचला. उजव्या हाताची करंगळी काढावी लागली. बाकीच्या दोन बोटांना स्पर्श कळेना. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, बोटं हलवायला लावली आणि म्हणाले, “सेन्सरी गेलं आहे, पण मोटर शाबूत आहे. हात काम करील.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. माझ्या भावाच्या हातात मोटर? डॉक्टरांनी समजावलं, की माणसाच्या अंगात दोन जातीच्या नसा असतात. काही स्पर्श, चटका, दुखणं मेंदूला कळवतात. काही मेंदूचा हुकूम घेऊन स्नायूंना हलवतात, त्यांना मोटर नर्व्ह म्हणतात. धाकट्याची बोटं हलत होती, पण त्यांना काही लागत नव्हतं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो. मला वाटलं, नऊ वर्षं आम्हा दोघांचं असंच तर चाललं होतं. हलत होतो, लागत काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी खोलीत दोघंच होतो. मी म्हणालो, “ती अर्थिंगची वायर तुटल्याली मला ठावं हुतं. आठ दिस आधी बघितली हुती.”

तो छताकडं बघत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं आता तोंडावर थुंकतोय. मग म्हणाला, “मलाबी दिसली हुती दादा. पैल्याच दिवशी. म्हटलं, तू जोडशील.”

बास. एवढंच बोलणं झालं. कुणी कुणाला माफ केलं नाही आणि कुणी रडलं नाही. तो घरी आल्यावर आम्ही खड्डा काढला, कोळसा आणि मीठ घालून नवीन रॉड पुरला, वायर ओढली. खर्च अकराशे आला. त्यानं डाव्या हातानं साडेपाचशे मोजून दिले. मी घेतले. नको म्हणालो असतो तर ते उपकार झाले असते. त्या जुन्या चौदाशेचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

आता मोबाईल स्टार्टर बसवला आहे. पेटीत सिमकार्ड असतं. घरातनं फोन लावला की मोटर चालू होते, कुठली फेज गेली असली तर तीही बाई बोलून सांगते. रात्री चिखलात जायचं कारण उरलं नाही. माझाही नंबर त्यात आहे आणि धाकट्याचाही. त्याला त्याच्या पाळीत मला विचारायची काही गरज नाही. तरी तो आधी मला फोन करतो, “दादा, लावू का?” मी म्हणतो, “लाव.” मग मी ओट्यावर बसून आवाजाची वाट बघतो. पाच मिनिटांच्या आत येतो.

तर नातीची वाक्यं. तिनं इंग्रजीत लिहिली, मी मराठीत सांगितली. एक, मोटर विहिरीतलं पाणी वर ओढते. दोन, मुंबईची लोकल चालवणाऱ्याला मोटरमन म्हणतात. हे आमच्या गिरणीत गेलेल्या चुलत्याकडनं मी लहानपणी ऐकलं होतं. मुंबईत विजेवरची गाडी १९२५ साली सुरू झाली, ती मोटरीवर चालते म्हणून मोटरमन. तीन, माझी पणजी एस्टीला मोटार म्हणायची. चार, हातातली मोटर नस बोटं हलवते. पाच, माझ्या आजोबांची मोटर मोबाईलवर चालू होते. पाचवं वाक्य मला आवडलं, कारण त्यात एकाच घरातले दोन शब्द शेजारी बसलेत.

मग मी म्हटलं, “अजून एक लिही. आमच्या आण्णांच्या मोटेला दोन माणसं लागायची.”

तिनं लिहिलं. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. आठ दिवसांनी तिचा फोन आला. बाईंनी पाच वाक्यांना बरोबरच्या खुणा केल्या होत्या, दहापैकी नऊ मार्क दिले होते. सहाव्या वाक्याला लाल शाईनं गोल करून लिहिलं होतं, की ह्या वाक्यात दिलेला शब्द नाही.

“आबा, तुमच्यामुळं माझा एक मार्क गेला.”

मी म्हटलं, “बाईंचं बरोबर हाय बाळा. त्यात मोटर न्हाई.”